टेकाडावरच्या दोन गाड्या

लातुरात त्या काळी मोकळी भिंत शोधूनही सापडत नव्हती. भिंत दिसली की तिच्यावर एखाद्या क्लासची जाहिरात, आणि जाहिरातीत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, सगळी पोरं सारखीच दचकलेली. मुग्धाचे बाबा रेणुकादाससर यांचा फोटो भिंतीवर नव्हता, पण नाव होतं: भौतिकशास्त्र, पहाटेची बॅच. मुग्धा स्वतः बारावीला होती आणि घरात बाप, क्लासमध्येही तोच बाप, असा दुहेरी मार खात होती. रविवारी चाचणी असायची. पण या एका रविवारी चाचणी बुडवायची परवानगी तिने मिळवली होती, आणि ती मिळवण्यासाठी तिने जो युक्तिवाद केला तो ऐकून आई म्हणाली होती की पोरीला डॉक्टर नाही, वकील करा.

परवानगी होती किल्लारीच्या बाजूला सरावाला जायची. भूकंपानंतर सरांनी आणि त्यांच्या दोस्तांनी 'शेजार बचाव मंडळ' काढलं होतं. एक शाखा लातूरला, एक नांदेडला. दोन्हीकडे एकेक जुनी जीप, आणि जीपमध्ये वायरलेसचा मोठा सेट. भूकंपाला नऊ वर्षं होत आली होती, तरी वर्षातून एकदा सगळे एखाद्या गावी जमत, कुणाला तरी खोट्या ढिगाऱ्यात बसवत आणि खरं असल्यासारखं बाहेर काढत. गावातल्या पोरांना हे जत्रेपेक्षा भारी वाटायचं.

या सगळ्यात मुग्धाला आवडायची ती मोठ्या सेटच्या शेजारची पेटी. हातातल्या वायरलेसचा आवाज नाजूक असतो, मध्ये टेकाड आलं की तिथेच संपतो. जीपमधला सेट मात्र दणकट, त्याचा आवाज तीन गावं ओलांडतो. पेटीचं काम एवढंच, की हातातल्या वायरलेसचा आवाज ऐकायचा, मोठ्या सेटकडे द्यायचा, आणि तिकडून येणारं उत्तर परत हातातल्या वायरलेसकडे पोचवायचं. पेटीवर एक बटण होतं, गोल फिरवायचं, चार घरांचं. त्यावरची इंग्रजी अक्षरं कधीच पुसून गेली होती. सरांनी जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून तिथे आपली नावं चिकटवली होती: झोप, गाव, जग, थांबा.

झोपेवर पेटी बंद. गाववर ठेवली की आसपासचे हातातले वायरलेस एकमेकांशी बोलणार, पण ते बोलणं तेवढ्यातच राहणार, लांब जाणार नाही. जगवर ठेवली की सगळं सगळीकडे. आणि थांबा हे घर खास दोन गाड्यांसाठी होतं. दोन पेट्या एकाच ठिकाणी जगवर असल्या तर दोघी एकच आवाज उचलतात, दोघी एकदम पुढे ढकलतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात नुसता चिरका जातो. म्हणून मंडळाचा नियम असा, की जी गाडी आधी आली ती जगवर, मागून आलेली थांब्यावर. थांब्यावरची पेटी मुकी. आधीची गाडी निघून गेली, की मग तिने बोलायचं.

हा नियम मुग्धाला तोंडपाठ होता. तिला तळावर बसायचं होतं, म्हणजे भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, तंबूत, मोठ्या सेटसमोर. पहिल्यांदाच. आठवडाभर ती घरात 'तळ बोलतोय' म्हणून मीठ मागत होती.

ढिगाऱ्यात बसायला तयार झाल्या होत्या चांगुणाबाई. हे कुणालाच पटत नव्हतं. चांगुणाबाई खऱ्या भूकंपात अडकलेल्या बाई. नव्या गावात त्यांना सरकारी घर मिळालं, पण त्या घरात त्या फक्त भांडी ठेवायच्या. नऊ वर्षं अंगणात पत्र्याच्या सपराखाली झोपत होत्या, थंडीतही. अशा बाईला पुन्हा दगडांच्या आत बसवायचं म्हणजे काय, असं सगळे म्हणाले. चांगुणाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सकाळी लुगड्याचा पदर खोचून जुन्या गावात हजर झाल्या.

जुनं गाव म्हणजे आता बाभळी आणि मधूनमधून दगडांचे ढीग. मंडळाच्या माणसांनी तिथे लाकडी वासे, पत्रे आणि दगड रचून एक खोपा केला होता. वरून दिसायला भयानक, आतून भक्कम. रेणुकादाससरांनी त्यात स्वतः बसून पाहिलं होतं, वर व्यंकटीला उभं करून. व्यंकटी हा लातूरच्या जीपचा ड्रायव्हर, वजनाला दोन माणसांचा.

मुग्धाने चांगुणाबाईंच्या हातात वायरलेस दिला आणि बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, हे शिकवलं. चांगुणाबाईंनी एकदाच विचारलं, की दाबल्यावर वर ऐकू जातं का. मुग्धा हो म्हणाली. मग त्यांनी जे सांगितलं ते मुग्धाला पुढे जसंच्या तसं आठवत राहिलं.

"तवा मी आतून बोलून राहिले व्हते. वर माणसं चालत व्हती, त्यांचे पाय मला कळत व्हते. पर मपलं बोलणं कुणाला गेलं न्हाई. काढलं ते कुत्र्यानं वास घेतला म्हणून. आता मी आत बसते, पर एक बोलून ठेवते. मी बोलले की वरून जबाब यायला पायजे. जबाब न्हाई आला तर मी पुन्यांदा तुमच्या भानगडीत पडायची न्हाई."

"येईल, आजी," मुग्धा म्हणाली. "तुम्ही बोला, मी तळावर आहे. उत्तर मीच देणार."

"शब्द?"

"शब्द."

शब्द देताना तिला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. सतराव्या वर्षी असं वाटायला फार लागत नाही.

सरांनी पेटी गाववर ठेवली आणि चांगुणाबाईंकडून तालीम करून घेतली. त्या खोप्याबाहेरून "हाव, हाय मी," म्हणाल्या, सरांनी टेकाडावरून उत्तर दिलं, त्यांनी मान डोलावली. मंडळातल्या एकाने मुग्धाला मोटरसायकलवर मागे बसवून तळावर पोचवलं. लातूरची जीप टेकाडावरच थांबली, जुनं गाव एका अंगाला आणि नवं दुसऱ्या. सरांनी बटण जगवर फिरवलं, तळाशी बोलून खात्री केली. चांगुणाबाई आत गेल्या. सगळं ठरल्याप्रमाणे.

मग नांदेडची जीप आली.

ती यायचीच होती, पण दुपारी. आली सकाळीच, आणि तीही सरळ टेकाडावर. तिच्यात होते बालाजीराव कंधारकर, नांदेड शाखेचे प्रमुख आणि, आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, रेणुकादाससरांचे होणारे व्याही. मुग्धाची मोठी बहीण सौदामिनी आणि कंधारकरांचा आलोक यांचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं.

रेणुकादाससर हा माणूस वर्गात वाघ. पण मुलीचं लग्न ठरल्या दिवसापासून त्यांच्या पाठीचा कणा कंधारकरांसमोर आपोआप वाकायचा. मुलीकडचे म्हणजे मुलीकडचे. व्याही बसल्याशिवाय बसायचं नाही, व्याह्यांनी घोट घेतल्याशिवाय कप उचलायचा नाही. सुपारी फुटली त्या दिवशी सर खुर्चीच्या इतक्या काठावर बसले होते की मुग्धा खुर्चीमागे उभी राहिली होती, उलटली तर धरायला.

बरं, कंधारकर मान मागणारे असते तर एकवेळ गणित जमलं असतं. ते उलटे. त्यांचं लहानपण हैदराबादेत गेलेलं, तिथली अदब अंगात मुरलेली. मुलीच्या बापाने आपल्यापुढे वाकावं याची त्यांना मनापासून शरम वाटायची, म्हणून ते त्याहून जास्त वाकायचे. आधी तुम्ही, सर. छे छे, आधी तुम्ही. एकदा दोघे लातूरच्या घराच्या दारात असे अडकले की आत ठेवलेला चहा गार झाला, सौदामिनीने पुन्हा आधण ठेवलं, आणि तरी दारातून पहिली आत गेली ती शेजारची मांजर.

हे सगळं घरात हसण्यावारी जायचं. टेकाडावर काय झालं ते मात्र तळावरच्या तंबूत बसलेल्या मुग्धाला दिसत नव्हतं. तिला दिसत होता फक्त सेट, आणि सेट गप्प होता.

चांगुणाबाई बोलायची वेळ झाली आणि टळली. तंबूत मंडळाची माणसं होती, बिलोलीहून आलेले दोन शिक्षक होते, गावातले चारजण होते. एक शिक्षक म्हणाले, म्हातारीला बटण दाबायचं लक्षात नसेल. दुसरे म्हणाले, झोप लागली असेल, आत गारवा आहे. त्यावर गावातला एकजण, ज्याने चांगुणाबाईंना नऊ वर्षांत घराच्या आत झोपताना पाहिलेलं नव्हतं, तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

मुग्धाने बटण दाबून हाक मारली. आजी, तळ बोलतोय. बटण सोडलं. पेटी जगवर असली की आपण बटण सोडल्यावर ती एक बारीक 'टुक्' असा आवाज परत पाठवते, तुमचं मिळालं असं सांगितल्यासारखा. तो आलाच नाही. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा टुक् नाही. आणि तेव्हा तिला कळलं की चांगुणाबाई बोलत नाहीयेत असं नाही. त्या बोलत असणार. दाबून, सोडून, ऐकून, परत दाबून. वर माणसं आहेत हे त्यांना माहीत आहे. आणि जबाब येत नाहीये.

ती धावत सुटली असती, पण मध्ये ते टेकाड होतं, आणि तळ सोडला तर तळच राहत नाही. मोठा सेट मोठ्या सेटशी थेट बोलू शकतो, त्याला पेटी लागत नाही. तिने लातूरच्या गाडीला बोलावलं.

व्यंकटी सेटवर आला. बोला ताई.

"व्यंकटीकाका, पेटीचं बटण कुठल्या घरावर आहे?"

व्यंकटीने वाकून पाहिलं असावं, कारण मध्ये थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, थांब्यावर हाय. सरांनीच केलं. पाव्हण्यांची गाडी आली ना, म्हणून.

मुग्धाने डोळे मिटले. आधी आलेली गाडी जगवर, हा नियम ज्या माणसाने लिहिला होता त्याच माणसाने व्याह्यांची जीप दिसताच आपली पेटी मुकी केली होती. मान द्यायला दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून बटण दिलं.

तरीही काही बिघडायला नको होतं. नांदेडची गाडी जगवर असती तर. तिने नांदेडच्या गाडीला बोलावलं. बराच वेळ कुणी नाही. दोघे व्याही गाड्यांपासून दूर बाभळीच्या सावलीला थर्मासमधला चहा घेत उभे होते, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत, हे तिला नंतर कळलं. शेवटी व्यंकटीने तिकडे जाऊन सांगितलं आणि कंधारकर स्वतः सेटवर आले.

"बोल बेटा. आम्ही थांब्यावरच आहोत, फिकीर करू नको. सर आमच्या आधी आलेत, हक त्यांचा आहे."

म्हणजे दोन्ही गाड्या थांब्यावर. दोन दणकट सेट, दोन पेट्या, दोन जाणती माणसं, आणि चांगुणाबाईंसाठी कुणीच नाही. मुग्धाने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की काका, दोन्ही पेट्या मुक्या आहेत, आजी आत बोलून राहिल्यात आणि त्यांचं कुणालाच ऐकू येत नाहीये.

पुढे जे झालं ते त्या दोघांनाच जमू शकतं. कंधारकरांना वाटलं, आपण लगेच जगवर जाऊ, सरांना तकलीफ नको. सरांना वाटलं, व्याह्यांना कशाला त्रास, आपणच जाऊ. कंधारकर आपल्या पेटीकडे वळले, सर आपल्या जीपकडे धावले, दोघांनी एकाच वेळी बटण फिरवलं, आणि तंबूतल्या सेटमधून असा चिरका निघाला की बिलोलीच्या शिक्षकांनी कानावर हात ठेवले. त्या चिरक्याच्या आत, पार खाली, एका बाईचा आवाज होता. शब्द कळत नव्हते. आवाज होता एवढंच कळत होतं.

मुग्धाने ओरडून सांगायच्या आत चिरका थांबला. दोघांनाही चूक उमगली होती. दोघांनीही ताबडतोब ती सुधारली होती. म्हणजे दोघेही परत थांब्यावर गेले होते, दुसरा बोलेल या भरवशावर. सेट पुन्हा गप्प.

आता तंबूतले सगळे मुग्धाकडे बघत होते. तिला काय करायचं ते माहीत होतं, आणि ते किती अवघड आहे हेही. उघड्या वायरलेसवर, इतक्या माणसांसमोर, लग्न ठरलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीने तिच्या होणाऱ्या सासऱ्याला हुकूम द्यायचा. आणि बापालाही. ही गोष्ट नांदेडला पोचणार, मग आलोकच्या आत्या, मग त्यांच्या जावा. पोरगी तोंडाची फटकळ आहे, मोठीही तशीच असेल. सौदामिनीने आलोकसाठी तीन स्थळं नाकारली होती. ती ताईला काय सांगणार होती?

ती विचार करत होती तेवढ्या वेळात चांगुणाबाई आत होत्या.

तिने बटण दाबलं. "तळ बोलतोय. लातूर गाडी जगवर. नांदेड गाडी थांब्यावर. काका, तुम्ही थांबा. बाबा, तुम्ही पहिले. बटण फिरवा आणि दोघेही गाडीपासून लांब उभे राहा, परत हात लावायचा नाही."

कंधारकरांचा आवाज आला, फक्त एक शब्द, "जी." आणि त्यानंतर टुक्.

तो टुक् मुग्धाने जितका मन लावून ऐकला तितकं तिने बाबांचं अख्खं प्रकाशशास्त्र ऐकलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली. "आजी, मी मुग्धा. ऐकू येतंय."

चांगुणाबाई बोलल्या, आणि आवाज घाबरलेला नव्हता, थकलेला होता. जात्यावर बराच वेळ बसल्यावर बाईचा होतो तसा.

"कवाची बोलून राहिले मी."

"माहीत आहे. आमची चूक झाली. दोन गाड्या होत्या, दोन्ही गप्प बसल्या. आता माणसं निघालीत, तुम्हाला काढायला. लगेच येतील."

"काढू नका," चांगुणाबाई म्हणाल्या. "आधी बोल. वर कोण कोण हाय ते सांग."

हे सरावाच्या कागदात कुठेच नव्हतं. मुग्धाने आजूबाजूला पाहिलं. तिने सांगायला सुरुवात केली. टेकाडावर बाबा आहेत, व्यंकटीकाका आहेत, नांदेडचे कंधारकरकाका आहेत. इथे तंबूत बिलोलीचे गुरुजी आहेत, एक जाड भिंगांचे, आणि दुसरे बारके. मग तिला गावातल्या माणसांची नावं माहीत नव्हती, म्हणून तिने माईक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एकेकाने आपापलं नाव सांगितलं. त्यातला एकजण, तो मघा नुसता बघत राहिलेला, म्हणाला, मी गुंडप्पा, चांगुणाकाकू, तुमच्या पलीकडच्या गल्लीतला. चांगुणाबाईंनी विचारलं, जुन्या गल्लीतला का नव्या. तो म्हणाला, जुन्या. त्यावर त्या म्हणाल्या, हाव, वळखला.

माणसं खोप्यापाशी पोचली तेव्हा चांगुणाबाई स्वतःच बाहेर येऊन दगडावर बसल्या होत्या. बाहेर यायची वाट त्यांना पहिल्यापासून दिसत होती, आत बसायचं ठरवलं होतं म्हणून बसल्या. स्ट्रेचरवर झोपायला त्यांनी साफ नकार दिला. सरावाचा तेवढा भाग रिकाम्या स्ट्रेचरवरच उरकावा लागला.

मुग्धा मोटरसायकलवरून आली तोवर दोघे व्याही तिथे हात जोडून उभे होते. सर म्हणत होते चूक माझी, नियम माझा आणि मोडला मी. कंधारकर म्हणत होते छे, गलती माझी, मी न सांगता लवकर आलो आणि विचारलंही नाही. चूकसुद्धा दोघे एकमेकांना आधी घेऊ देत नव्हते. चांगुणाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"टेकाडावर आधी कोण आलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

सरांनी कंधारकरांकडे बोट केलं. कंधारकरांनी सरांकडे. व्यंकटी तोंड फिरवून मोटरसायकलचं टायर तपासायला लागला.

मुग्धा कंधारकरांसमोर गेली आणि मघाच्या बोलण्याबद्दल काय म्हणावं हे शोधू लागली. तिने रस्त्यात एक वाक्य तयार केलं होतं, त्यात दोनदा माफी होती. कंधारकरांनी ते अर्ध्यातच थांबवलं. ते म्हणाले की घरी दारात आम्ही अडकलो की यापुढे तूच सांगत जा, कोण आधी. सर मान खाली घालून उभे होते, पण मुग्धाने पाहिलं की पहिल्यांदाच ते व्याह्यांपेक्षा एक पाऊल पुढे उभे आहेत. कदाचित उतार होता म्हणूनही असेल.

चांगुणाबाईंनी वायरलेस परत दिला नव्हता. मुग्धा त्यांच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तरी त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाल्या, "हाय का कुणी?"

मुग्धा तोंडाने उत्तर देणार होती, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं आणि बटण सोडून वायरलेस कानाशी धरला. टुक्. मग टेकाडापलीकडच्या तंबूतून गुंडप्पाचा आवाज आला, हाय, काकू.

त्यांनी परत विचारलं. परत उत्तर आलं. व्यंकटी म्हणाला की बॅटरी उतरेल. सर म्हणाले, उतरू दे.